अब्राहामाची सुरी आणि चांगुणेचें मुसळ

श्रावण शुद्ध षष्ठीस आमच्याकडे श्रियाळषष्ठी म्हणतात. नागपंचमीचा झोका अजून झाडावरून उतरलेला नसतो, तोंच घरोघरच्या म्हाताऱ्या बायका मुलांना जवळ घेऊन चिलया बाळाची कथा सांगावयास बसतात. अमळनेरास बोरीकांठच्या एका जुन्या घरीं ही कथा चालली असतां आम्ही ओट्यावर बसून ऐकत होतों. कथा सर्वांस ठाऊक आहे. अतिथिरूपानें आलेल्या शंकरानें श्रियाळ राजाकडे त्याच्या एकुलत्या एका मुलाच्या मांसाचें भोजन मागितलें. चांगुणेनें मुलाचें मस्तक उखळांत घालून कांडलें. आणि डोळ्यांतून टिपूस काढावयाचें नाहीं अशी अट असल्यामुळें कांडतांना तिनें ओंव्या गाइल्या. कथा येथपर्यंत आली तेव्हां सहासात वर्षांच्या नातीनें विचारलें, "आजी, त्या मायले रडू नही उनं का वं?" आजी म्हणाल्या, "रडली असती तर देव पानावरून उठून गेला असता." मुलगी गप्प बसली. पुढें चिलया जिवंत झाला, हांकेसरशी धांवत आला, आजींनीं भक्तिभावानें हात जोडले. मुलीनें मात्र जोडले नाहींत. तिचा प्रश्न चिलया परत आल्यानें सुटला नव्हता.

त्याच दिवसांत आम्ही इब्री धर्मग्रंथ, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्यास जुना करार म्हणतात तो, पहिल्या पानापासून वाचीत होतों. त्या मुलीचा प्रश्न कानांत असल्यामुळें कीं काय, ज्या कथांवरून आम्ही पूर्वी सहज पुढें गेलों होतों त्या कथांशीं या खेपेस पाऊल अडूं लागलें. त्यांविषयीं जें वाटलें तें येथें स्पष्ट लिहावयाचें आहे. तें कांहीं वाचकांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा ग्रंथ परक्यांचा, आपणांस त्याचें काय, असें म्हणण्याची सोय मराठी वाचकास नाहीं. सेरामपूरच्या कॅरीसाहेबांनीं १८११ सालीं नवा करार मराठींत छापला, आणि जुना करारहि पुढें लवकरच आला. पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं बसून इब्री व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला व सबंध बायबल स्वतः मराठींत उतरविलें. १९२२ सालीं त्या वारल्या आणि १९२४ सालीं तें पुस्तक बाहेर पडलें. पण या सर्वांच्या कितीतरी आधींपासून कुलाब्याच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालविणारे बेने-इस्राएल लोक हेच पूर्वज आपले म्हणून सांगत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनीं अब्राहामाचें आख्यान लावून मराठींत कीर्तनें केलीं. सारांश, अब्राहामाची कथा मराठी कानांना नवी नाहीं. झांजांच्या तालावर ती येथें गाइली गेलेली आहे.

ती कथा अशी. म्हातारपणीं झालेला मुलगा इसहाक मोरिया देशांत नेऊन त्याचा होम कर, अशी आज्ञा अब्राहामास झाली. तो पहांटे उठला, लाकडें फोडलीं, मुलास घेऊन निघाला. तिसऱ्या दिवशीं तें ठिकाण दिसलें. लाकडांची मोळी मुलाच्याच पाठीवर दिली. साहित्य सर्व दिसतें, पण बळीचा पशु दिसत नाहीं, हें मुलाच्या ध्यानांत आलें व त्यानें बापास विचारलें. बापानें संदिग्ध उत्तर दिलें. वेदी रचली, मुलास बांधलें, सुरी उचलली. तेव्हां आकाशवाणी झाली, झुडपांत शिंगें अडकलेला एक एडका दिसला, आणि मुलाच्या जागीं त्याचा बळी पडला.

आतां सुज्ञ वाचकांनीं याच ग्रंथांत चार अध्याय मागें जावें. सदोम नगर भस्म करण्याचा देवाचा बेत कळतांच हाच अब्राहाम देवाच्या वाटेंत उभा राहतो. पन्नास नीतिमान् माणसें तेथें असलीं तर? पंचेचाळीस असलीं तर? असें करीत करीत तो दहांपर्यंत येतो, आणि सर्व पृथ्वीच्या न्यायाधीशानेंच अन्याय कसा करावा, असें देवास तोंडावर विचारतो. परक्या नगरासाठीं सहा वेळां रदबदली करणारा हा पुरुष पोटच्या मुलासाठीं एक अक्षरहि बोलत नाहीं! आमच्या मतें या कथेंतील खरी भयंकर गोष्ट सुरी नसून हें मौन आहे. आणि भाष्यकारांनीं शतकानुशतकें गौरव केला तो याच मौनाचा.

या कथेच्या समर्थनार्थ तीन युक्तिवाद नेहमीं पुढें येतात. पहिला असा कीं, देवास मुलाचा प्राण घ्यावयाचा नव्हताच. ती केवळ परीक्षा होती. ठीक, पण परीक्षा कोणाची, आणि तिची किंमत कोणीं दिली? दोरीनें बांधलेल्या मुलानें आपल्या बापाच्या हातांतील सुरी पाहिली. ती एडका सांपडल्यानें न पाहिलेली होत नाहीं. डोंगरावरून अब्राहाम चाकरांकडे परत आला एवढेंच ग्रंथ सांगतो. इसहाक बरोबर होता असें सांगत नाहीं. पुढच्याच अध्यायांत त्याची आई सारा मरते, आणि मुलाला कोठें नेलें होतें हें ऐकूनच तिचा प्राण गेला, असें जुन्या यहुदी भाष्यकारांनीं म्हणून ठेविलें आहे. म्हणजे चांगुणेस जें रडूं नाकारलें तें सारेच्या वांट्यास मरणाच्या रूपानें आलें, हें त्यांना तरी कळलें होतें.

दुसरा युक्तिवाद सुशिक्षितांचा. त्या काळीं नरबळीची चाल होती, ती बंद करून पशुबळीची वहिवाट घालण्यासाठींच ही कथा रचली, असें ते म्हणतात. तसें असतें तर आकाशवाणीनें अब्राहामास म्हणावयास हवें होतें, "अरे, असें करावयास तूं तयार तरी कसा झालास?" परंतु त्याच्या तयारीचीच तेथें प्रशंसा होते, आणि ताऱ्यांइतक्या संततीचा वर त्याच तयारीसाठीं मिळतो. ज्या कृत्याबद्दल बक्षीस दिलें जातें, त्या कृत्याचा निषेध झाला असें कसें म्हणावें?

आणि शास्ते नांवाच्या पुस्तकांत इफ्ताहाची गोष्ट आहे, तेथें तर एडकाहि नाहीं. अम्मोनी लोकांवर जय मिळाल्यास घराच्या दारांतून जें प्रथम सामोरें येईल तें होमांत देईन, असा नवस या सरदारानें केला. जय मिळाला. डफ वाजवीत, नाचत सामोरी आली ती त्याची एकुलती एक मुलगी. तिला पाहून त्यानें वस्त्रें फाडलीं, पण बोल लाविला तो तिलाच, कीं तूं मला संकटांत घातलेंस! मुलीनें दोन महिन्यांची मुदत मागितली, मैत्रिणींसह डोंगरांत जाऊन आपल्या अविवाहित मरणाचा शोक केला, आणि परत आली. बापानें नवस फेडला. आकाशवाणी झाली नाहीं. त्या मुलीचें नांवसुद्धां ग्रंथांत नाहीं. उलट नव्या करारांत विश्वासवीरांची नामावळी दिली आहे, तींत इफ्ताहाचें नांव आहे.

तिसरा युक्तिवाद रूपकाचा. इसहाक म्हणजे अहंकार, सुरी म्हणजे वैराग्य, एडका म्हणजे वासना, इत्यादि. आमच्या अमळनेरास हा युक्तिवाद फार आवडतो. १९१६ सालीं प्रतापशेटजींनीं येथें तत्त्वज्ञानमंदिर स्थापिलें, तेव्हांपासून अद्वैताची परिभाषा या गांवच्या हवेंत आहे. त्या परिभाषेविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. पण एक विचारतों. रूथ नांवाची विधवा आपल्या म्हाताऱ्या सासूस सोडून जात नाहीं, ही गोष्ट त्याच ग्रंथांत आहे. तिचें रूपक कोणी कां करीत नाहीं? जेथें कथेची लाज वाटते तेथेंच रूपक आठवतें. रूपक हें अशा वेळीं ज्ञानाचें साधन राहत नाहीं; तें पांघरूण होतें.

तत्त्वज्ञांचेंहि या बाबतींत एकमत नाहीं. कांट यानें १७९८ सालीं स्पष्ट लिहिलें कीं, मुलास मारूं नये हें मला निश्चित ठाऊक आहे, पण बोलणारा तूं देव आहेस हें मात्र निश्चित नाहीं, असें उत्तर अब्राहामानें द्यावयास हवें होतें. उलट कीर्केगार्दनें १८४३ सालीं अब्राहामाच्या श्रद्धेस नीतीच्याहि वर नेऊन बसविलें. पण त्याचीहि छाती त्या डोंगरावर धडधडते. अब्राहामास समजणें आपणांस साधत नाहीं, असें तो वारंवार कबूल करतो. आमच्याकडील समर्थकांची छाती धडधडत नाहीं, हीच आमची तक्रार.

कोणी म्हणेल, तीन हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टींचा एवढा खल कशाला? त्यास उत्तर हें कीं, या गोष्टी मेलेल्या नाहींत. पहिल्या शमुवेलांत शौल राजास आज्ञा होते कीं, अमालेकी लोकांतील पुरुष, स्त्री, तान्हें मूल, बैल, उंट, कांहीं एक जिवंत ठेवूं नकोस. आणि त्यानें राजा अगाग व चांगलीं जनावरें राखलीं म्हणून त्याचें राज्य जातें. दयेच्या नव्हे, लोभाच्या पोटीं का होईना, मारावयाचें कमी पडलें हाच त्याचा अपराध! १९९४ च्या फेब्रुवारींत, पुरीमच्या दिवशीं, हेब्रोन येथील मशिदींत नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांस गोळ्या घालणारा माणूस याच पुस्तकावर वाढलेला डॉक्टर होता. २०२३ च्या ऑक्टोबरांत गाझाचें युद्ध पेटलें असतां इस्राएलच्या पंतप्रधानांनीं लोकांस अमालेकाचें स्मरण दिलें, आणि २०२४ च्या जानेवारींत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत दक्षिण आफ्रिकेनें तेंच वाक्य पुराव्यादाखल मांडलें. तो उल्लेख केवळ हमासच्या मारेकऱ्यांपुरता होता, असा खुलासा पंतप्रधानांच्या कचेरीनें केला. आम्ही तो खुलासा येथें नमूद करतों. परंतु ज्या कथेंत तान्हीं मुलें नांव घेऊन मोजलीं आहेत, ती कथा युद्धाच्या वेळीं उच्चारणें हीच मोठी जोखीम आहे.

येथवर वाचून आमच्या कांहीं स्वधर्मी मित्रांस गुदगुल्या झाल्या असतील. त्यांच्याशींच आमचें खरें भांडण आहे. १८३१ सालीं मुंबईस मोरभट दांडेकर व जॉन विल्सन यांचा वाद झाला; १८५७ सालीं विष्णुबावा ब्रह्मचाऱ्यांनीं समुद्रकिनारीं पाद्र्यांशीं सभा केल्या. पाद्र्यांनीं पुराणांतील गोष्टी काढाव्या, आमच्या पंडितांनीं बायबलांतील काढाव्या, असा तो शिरस्ता पुढें कित्येक वर्षें चालला. दोघांच्याहि हातीं आरसा होता, पण तो दोघांनींहि समोरच्याकडे धरला. असल्या वादांतून कोणाचीहि नीति एका तसूनें वाढली नाहीं.

आपण आरसा आपल्याकडे वळवूं. जमदग्नीनें रेणुकेचा वध करण्याची आज्ञा मुलांस दिली. चार मुलांनीं आज्ञा पाळली नाहीं. ते शापानें जड झाले. परशुरामानें पाळली, त्यास वर मिळाले, आणि त्यांतल्या एका वरानें आई उठली. परशुरामाचें नांव लहान पोरासहि ठाऊक आहे. आईवर हात न उचलणाऱ्या त्या चौघांचीं नांवें महाभारतांत दिलेलीं आहेत: रुमण्वान्, सुषेण, वसु व विश्वावसु. माहूरच्या यात्रेस जाणाऱ्या हजारांपैकीं किती जणांस तीं सांगतां येतील? यरीहो नगर पडलें तेव्हां राहाब व तिचें कुटुंब एवढेंच वांचलें, म्हणून आपण हळहळतों; आणि खांडववन जळालें तेव्हां अश्वसेन, मय व चार शार्ङ्गक पक्षी एवढेच सहा जीव वांचले, तें मात्र कृष्णार्जुनांचा पराक्रम म्हणून वाचतों. इरावती कर्व्यांनीं 'युगान्त'मध्यें या दहनाबद्दल प्रश्न विचारला, तो अनेकांस अजून बोंचतो. बाबासाहेब आंबेडकरांचे राम-कृष्णांविषयींचे प्रश्न सरकारनें १९८७ सालीं छापले, तेव्हां तें प्रकरण वगळा म्हणून केवढा गदारोळ उठला! अमालेकाविषयीं इस्राएलास प्रश्न विचारणें सोपें. शंबूकाविषयीं स्वतःस विचारणें कठीण.

आणि इफ्ताहाची मुलगी? जातीबाहेर लग्न केलें म्हणून बापानें वा भावानें मुलीचा जीव घेतल्याच्या बातम्या महाराष्ट्रांतील वृत्तपत्रांत आजहि येतात. त्या घरांत कोणी शास्ते वाचीत नाहीं. पण बापाचा शब्द, घराची अब्रू, दिलेलें वचन यांपुढें मुलीचा प्राण हलका, ही शिकवण तेथेंहि कोणत्यातरी गोष्टीनेंच पोंचविलेली असते. आणि ती गोष्ट सांगतांना कोणीहि थांबून "हें वाईट झालें" असें म्हटलेलें नसतें.

तर मग या कथा जाळाव्या काय? मुळींच नाहीं. गाळाव्या काय? तेंहि नाहीं. आमचें म्हणणें निराळें आहे. ज्या ग्रंथांत हा आजार आहे त्याच ग्रंथांत त्याची चिकित्साहि आहे. ती वाचणारे थोडे, एवढेंच. दावीद राजानें उरीयाची बायको घेतली व उरीयास लढाईंत मारविलें. तें लपविण्याऐवजीं इब्री लेखकांनीं नाथान संदेष्ट्यास राजासमोर उभें केलें व राजाच्या तोंडूनच राजाचा निवाडा वदविला. त्या पापासाठीं दावीदाचें तान्हें मूल मेलें, असें ही कथा सांगते; पण बापाच्या पापाबद्दल मुलानें मरूं नये, असें पुढें यहेज्केल ठासून सांगतो. आणि मुलांच्या होमाची आज्ञा मीं दिली नाहीं, तें माझ्या मनांतहि आलें नव्हतें, असें यिर्मया देवाच्याच मुखानें सांगतो. एकच ग्रंथ स्वतःशीं भांडतो आहे! पुढील रब्बींनींहि हें भांडण चालू ठेविलें. मनुष्याचा नवस द्रव्य देऊन सोडवितां येतो असा नियम लेवीयांत असतां इफ्ताह व याजक फिनहास या दोघांनीं मानापमानासाठीं एकमेकांकडे जाणें नाकारलें, आणि त्यांत मुलगी गेली, असा ठपका त्यांनीं दोघांवर ठेविला. तल्मुदांत तर शौलाच्याच तोंडीं प्रश्न घातला आहे कीं, मोठ्यांनीं पाप केलें, पण लहानांनीं काय केलें? आकाशवाणी त्यास गप्प करते, हें खरें. पण प्रश्न लिहून ठेवणाऱ्यानें तो पुसला नाहीं.

आपल्याकडेहि ऐतरेय ब्राह्मणांत शुनःशेपाची कथा आहे. शंभर गाईंस बापानें त्यास विकला, आणखी शंभरांस यूपाला बांधला, आणखी शंभरांस कापावयास सुरी परजली. मुलानें देवांची स्तुति केली, बंध गळून पडले. मग बाप त्यास परत मागूं लागला, तेव्हां मुलानें भर यज्ञमंडपांत त्याचा धिक्कार केला व तो विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला. इसहाक जें बोलला नाहीं तें शुनःशेप बोलला. अर्थात् तीहि कथा निर्दोष नाहीं. शूद्रांस हीन लेखणारा बोल तींतहि आहे, आणि विश्वामित्राच्या ज्या पन्नास मुलांनीं या नव्या भावास मानलें नाहीं त्यांस बापाचा शाप आहेच. निर्दोष कथा कोठेंच नाहीं. म्हणूनच वाचणाराचा विवेक जागा पाहिजे.

यावर शेवटचा आक्षेप असा कीं, हा विवेक तुम्हांस कोणीं दिला? कालचे लोक एक म्हणाले, आजचे दुसरें म्हणतात. शास्त्र तेवढें स्थिर. आमचें उत्तर हें कीं, देवाकडेच न्याय मागण्याचा अधिकार सदोमच्या वाटेवर प्रथम अब्राहामानेंच बजावला, आणि देवानें त्यास शाप दिला नाहीं; दहापर्यंतचा प्रत्येक आंकडा मान्य केला. तेव्हां जो वाचक मोरियाच्या डोंगरावर अब्राहामास "आतां कां बोलत नाहींस?" म्हणून विचारतो, तो ग्रंथाबाहेर गेलेला नसतो. ग्रंथाचाच एक धडा तो दुसऱ्यास लावून पाहतो.

अमळनेरकरांस तरी हें नवें वाटूं नये. येथील शाळेंत १९२४ पासून १९३० पर्यंत साने गुरुजी शिकवीत होते. १९४७ च्या मे महिन्यांत त्यांनीं पंढरपुरास उपोषण केलें, तें विठ्ठल सोडण्यासाठीं नव्हे. विठ्ठलाच्या पायांशीं अस्पृश्यांस जातां यावें म्हणून. रूढि व शास्त्र बडव्यांच्या बाजूस होतें. गुरुजींच्या बाजूस त्यांची भक्ति होती आणि अन्याय न सोसणारें मन होतें. दार उघडलें तें त्या मनानें. ज्याचें देवावर प्रेम आहे त्यानेंच देवाच्या नांवावर चाललेल्या क्रूरतेस हरकत घ्यावी, याहून दुसरा अर्थ आम्हांस त्या उपोषणांत दिसत नाहीं.

म्हणून आमची मागणी थोडी आहे. रविवारच्या शाळेंत अब्राहाम सांगा, श्रावणांत चिलया सांगा; पण सांगतांना पोर मध्येंच विचारील तें ऐकून घ्या, आणि उत्तर येत नसेल तर "येत नाहीं" म्हणा. "रडली असती तर देव उठून गेला असता" हें उत्तर देऊं नका. ज्या देवास आईचें रडणें सोसवत नाहीं तो पानावरून उठून गेला तरी चालेल, असें त्या मुलीस वाटलें असावें. आम्हांसहि तसेंच वाटतें.